भिंत खेळाडूची, चित्र संग्रहालयाचं: ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मध्ये ब्रँड आले तेव्हाचं प्रकरण

एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट (थोडक्यात ‘मेट’) बंद होतं. महामारीमुळे मार्चच्या मध्यापासून दारं लावलेली होती. त्याच महिन्यात संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळावर एक छोटंसं बटण आणलं. मुक्त वापरासाठी खुल्या असलेल्या चार लाखांहून जास्त प्रतिमांपैकी एखादी निवडायची, बटण दाबायचं, की त्या प्रतिमेचा क्यूआर कोड तयार. तो गेम बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या फोन ॲपने स्कॅन केला की होकुसाई या जपानी चित्रकाराची प्रसिद्ध लाट ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ गेममधल्या तुमच्या घराच्या भिंतीवर.

जवळपास त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमनेही अशीच सोय केली. मे महिन्यात व्हॅलेंटिनो आणि मार्क जेकब्स या फॅशन ब्रँडनी आपल्या कपड्यांच्या गेममधल्या आवृत्त्या मोफत वाटल्या. अमेरिकेतल्या उन्हाळ्यात स्त्रियांच्या रेझरचा एक ब्रँड आला, सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतली प्रचारमोहीम आली. आणि नोव्हेंबरमध्ये निन्टेंडोने व्यवसाय व संस्थांसाठी लेखी नियम जाहीर केले.

या आठ महिन्यांचं हे प्रकरण आहे. आमच्या डिजिटल मार्केटिंगमधली मंडळी गेमकडे बघतात ती बहुतेक जाहिरातीची नवी जागा म्हणून. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. खेळाडूच्या हातात गेम काय काय सोपवतो, कोणत्या क्रमाने सोपवतो आणि त्यामुळे खेळाडूचं त्या जागेशी नातं कसं बदलतं, हे समजलं तर गेममध्ये एक पैसाही न घालता आपलं रोजचं काम सुधारता येतं.

बेटावर पाऊल ठेवण्याआधीचे प्रश्न

एका बेटावर राहायला जायचं आणि ते आपल्या मनासारखं वसवायचं, असा हा गेम २० मार्च २०२० रोजी कंपनीच्या निन्टेंडो स्विच या गेम-यंत्रावर आला. ३१ मार्चपर्यंत त्याच्या १ कोटी १७ लाख ७० हजार प्रती विकल्या गेल्या, वर्ष संपेपर्यंत ३ कोटी ११ लाख ८० हजार. घरात कोंडलेल्या लोकांना बाहेर पडायला एक जागा मिळाली, हे त्यामागचं कारण सगळ्यांनीच सांगितलं आहे. पण ती जागा ‘आपली’ का वाटली, हे समजून घ्यायला सुरुवातीची काही मिनिटं नीट बघावी लागतात.

गेम तुम्हाला नाव विचारतो. वाढदिवस विचारतो. त्वचेचा रंग, डोळे, केस निवडायला सांगतो. इथे ‘मुलगा की मुलगी’ असा थेट प्रश्न येत नाही, रूप कसं हवं ते विचारलं जातं. कोणतेही केस आणि कोणतेही कपडे कुणालाही घेता येतात. मग प्रश्न येतो, तुम्ही उत्तर गोलार्धात राहता की दक्षिण? त्यानंतर बेटाचे चार नकाशे समोर ठेवले जातात, त्यांतला एक निवडायचा. तंबू कुठे ठोकायचा ते ठरवायचं. शेवटी बेटाचं नाव.

आता हीच यादी एखाद्या साइन-अप फॉर्मसारखी वाचून बघा. नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, आवडीनिवडी. आपण ग्राहकाकडून जे मागतो तेच सगळं इथे मागितलं आहे. तरीही कुणाला ती चौकशी वाटत नाही, कारण प्रत्येक उत्तराचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. गोलार्ध सांगितला की बेटावरचे ऋतू तुमच्या खिडकीबाहेरच्या ऋतूंशी जुळतात. दक्षिण गोलार्धातल्या खेळाडूला डिसेंबरमध्ये बर्फ दिसत नाही, उन्हाळा दिसतो. वाढदिवस सांगितला तर त्या दिवशी बेटावरचे प्राणी-शेजारी तुमच्यासाठी पार्टी ठेवतात. माहिती दिली आणि ती कुठे गेली ते खेळाडूला कळलं.

ग्राहकाने स्वतःहून, समजून-उमजून दिलेल्या माहितीबद्दल आमच्या क्षेत्रात गेली काही वर्षं खूप बोललं जातं. ती कशी मागावी याचा गोलार्धाच्या त्या एका प्रश्नाइतका स्वच्छ नमुना माझ्या तरी बघण्यात नाही. प्रश्न एक, त्याचं कारण उघड, आणि फायदा उत्तर देणाऱ्याचा.

आणखी एक बारकावा. चेहरा आणि केस नंतर आरशासमोर उभं राहून हवे तितक्या वेळा बदलता येतात. बेटाचं नाव मात्र कायमचं. काही गोष्टी सैल आणि काही पक्क्या ठेवल्यामुळे पक्क्या गोष्टींना वजन येतं. लोक बेटाच्या नावासाठी बराच वेळ डोकं खाजवत बसतात, आणि त्या वेळातच ते बेट त्यांचं होऊन जातं.

जमीन खणून नद्या वळवण्याची, कडे उभारण्याची मुभा लगेच मिळत नाही. गेमच्या मानांकनात बेटाला तीन तारे मिळाले आणि के. के. स्लायडर या गाणाऱ्या कुत्र्याची मैफल झाली की मगच ती हाती येते. तोवर खेळाडूला आपल्या बेटाचा कोपरा न् कोपरा माहीत झालेला असतो. काय बदलायचं, हे त्याच्या मनात आधीच पिकलेलं असतं. ही सूट पहिल्या दिवशी दिली असती तर बहुतेकांनी कुठे हात घालावा ते न कळून तिथेच सोडून दिलं असतं. आपली ॲप्स पहिल्याच दिवशी सेटिंग्जचा डोंगर समोर ठेवतात किंवा काहीच देत नाहीत.

एक हजार चोवीस चौकोन

ब्रँड ज्या वाटेने आत आले ती वाट म्हणजे गेममधलं डिझाइनचं साधन. ३२ बाय ३२ चौकोनांची जाळी, म्हणजे एकूण १,०२४ चौकोन. एका डिझाइनला पंधरा रंग आणि सोबत एक पारदर्शक. एवढंच. त्यात काढलेलं चित्र भिंतीवर लावा, जमिनीवर अंथरा, शर्टावर घ्या, चेहऱ्यावर रंगवा. कपड्यांची पुढची बाजू, पाठ, बाह्या वेगवेगळ्या रंगवायच्या असतील तर ८०० नूक माइल्स हे गेममधलं चलन मोजून वरच्या पायरीचं साधन घ्यायचं. एबल सिस्टर्सच्या शिंप्याच्या दुकानात एक यंत्र आहे. तिथे आपलं डिझाइन चढवलं की त्याला कोड मिळतो, आणि जगात कुणीही तो कोड टाकून ते उतरवून घेऊ शकतो.

मी या जाळीत एकदा साधं पिंपळपान काढायला बसले होते. शिरा दाखवायच्या तर कडा बिघडतात, कडा सांभाळल्या तर शिरा जातात. तासाभराने जे उभं राहिलं ते पान आहे हे मला सांगावं लागत होतं, तरी ते अजून माझ्या बेटावरच्या घरात लावलेलं आहे. दुकानातली देखणी चित्रं घ्यायला माझ्याकडे पैसे होते, पण त्यांच्यासाठी ते पान मी भिंतीवरून उतरवलं नाही.

या ओढीला संशोधनात नाव आहे. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली यांनी २०१२ मध्ये ‘आयकिया इफेक्ट’वरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी स्वतः जोडलेल्या खोक्यांना आणि स्वतः घड्या घातलेल्या कागदी वस्तूंना इतरांपेक्षा जास्त मोल दिलं. नवख्यांना आपल्या ओबडधोबड घड्या जाणकारांच्या कामाच्या तोडीच्या वाटल्या. मार्केटिंगमध्ये हा भाग नेहमी सांगितला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष फारसा कुणी सांगत नाही: काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं, तर हे जास्तीचं मोल उरत नाही. श्रम पुरेसे नसतात, काम तडीस जावं लागतं.

म्हणूनच मेटचं ते बटण मला फार शहाणपणाचं वाटतं. चित्र निवडणं, स्कॅन करणं, भिंतीवर जागा शोधून लावणं, सगळं मिळून थोडक्यात आटोपतं. ‘मी केलं’ म्हणण्याइतकं काम आहे आणि कुणी मध्येच सोडून जाईल इतकं ते लांबत नाही. होकुसाईची लाट एक हजार चोवीस चौकोनांत भरड होते. संग्रहालयाच्या ब्रँड-पुस्तिकेला, म्हणजे आपलं काम बाहेर कसं दिसावं याच्या नियमांना, हे चालायला नको होतं खरं तर. इतक्या ढोबळ रूपात चित्र बाहेर जाऊ द्यायचं धाडस त्यांनी केलं, म्हणून ते लोकांच्या घरात पोहोचलं.

खेळाडू आधी पोहोचले होते

व्हॅलेंटिनो आणि मार्क जेकब्स आले तेव्हा गेममध्ये फॅशन नव्हती असं नाही. खेळाडूंनी आधीच नामांकित ब्रँडचे कपडे त्या चौकोनांत हुबेहूब उतरवून कोड वाटायला सुरुवात केली होती. असे कपडे जमवणारं आणि मांडणारं एका चाहतीचं इन्स्टाग्राम खातं लोकप्रिय झालं होतं. दोन्ही ब्रँडनी त्याच चाहतीच्या खात्यासोबत काम केलं. त्यांना परकी भाषा शिकावी लागली नाही, ती बोलणाऱ्या माणसालाच त्यांनी सोबत घेतलं.

त्यांनी दिलं काय? कोड. खेळाडूने तो शर्ट घ्यावा, आपल्या चष्म्यावर, आपल्या विस्कटलेल्या केसांवर, आपल्या बेटावरच्या तळ्यापाशी घालावा. सोबत कोणती टोपी शोभेल, फोटो कुठे काढावा, हे ठरवायला ब्रँड तिथे नव्हता. मार्केटरच्या हाताला सुटणारी खाज मी ओळखते. सोबत एक ‘अधिकृत लुक’ द्यावा, पार्श्वभूमी ठरवून द्यावी, लोगो जरा मोठा करावा. असं काही केलं असतं तर तो शर्ट गणवेश झाला असता.

रेझरच्या ब्रँडचं, म्हणजे जिलेट व्हीनसचं, उदाहरण याहून एक पाऊल पुढचं आहे. गेमच्या आरशात त्वचेचे रंग होते, पण त्वचेवर जे असतं ते नव्हतं. वांग, मुरुमं, पोटावरचे ताणाचे व्रण, कोडाचे पांढरे डाग. व्हीनसने अशा त्वचांची डिझाइन्स बनवून दिली. खेळाडूंना स्वतःसारखं दिसायचं होतं आणि गेममध्ये ती सोय नव्हती. ती उणीव ज्याच्या कामाशी जोडलेली आहे, म्हणजे त्वचेशी रोजचा संबंध असलेला ब्रँड, त्यानेच ती भरली. या आठ महिन्यांतलं सर्वात चांगलं मार्केटिंगचं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. गेममध्ये काय फिरतंय हे शोधण्यापेक्षा काय करता येत नाही हे त्यांनी शोधलं.

कोड आणि स्वप्न

सप्टेंबरच्या सुरुवातीला बायडेन-हॅरिस मोहिमेने अंगणात लावायच्या फलकांची चार डिझाइन्स दिली. ती आधीच्याच वळणाची होती: घे आणि तुझ्या दारात लाव. अमेरिकेत निवडणुकीच्या काळात घरापुढे फलक लावण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे गेममध्येही तो फलक परका वाटला नाही. ऑक्टोबरमध्ये मोहिमेने स्वतःचं बेटच उभारलं, प्रचार कार्यालयासह. तिथे स्वप्नातून जाता यायचं. जुलैअखेरच्या अपडेटने आणलेली ही सोय अशी की दुसऱ्याच्या बेटावर फिरता येतं, पण तिथे तुम्ही काहीही केलं तरी ते टिकत नाही. डोळे उघडले की बेट होतं तसंच.

बातम्या दोन्हींच्या झाल्या. पण खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर फरक मोठा आहे. बेट बघायला जायचं, बघून झालं की परत यायचं. फलक रोज सकाळी गेम उघडला की दारात दिसतो, तुमच्याकडे आलेला मित्र तो बघतो, आणि तो तिथे आहे कारण तुम्ही तो लावला. आजही एखादा ब्रँड ‘आभासी जगात’ काही करायचं ठरवतो तेव्हा पहिला प्रस्ताव बहुतेक वेळा बेटाचाच असतो, कारण बेटाचा फोटो बैठकीत दाखवता येतो. लोकांच्या घरात विखुरलेल्या चित्रांचा तसा एक फोटो निघत नाही.

नोव्हेंबरचे नियम

१९ नोव्हेंबर २०२० च्या सुमारास निन्टेंडोचे नियम आले. गेममध्ये राजकारण आणू नका. गेममधल्या गोष्टींतून आर्थिक फायदा घेऊ नका, डिझाइन विकू नका. आमच्याशी व्यावसायिक संबंध असल्याचं भासवू नका. आणि खेळाडूंना गेमबाहेर मार्केटिंगकडे ओढू नका: संकेतस्थळाकडे पाठवणं नको, कूपन नको, सोडत नको, खातं फॉलो करायची अट नको, खेळाडूंची माहिती गोळा करणं नको.

शेवटचं कलम वाचून आमच्या व्यवसायातल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: मग करायचं कशासाठी? जाहिरात, क्लिक, लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान), खरेदी ही साखळी या नियमाने पहिल्याच कडीला तुटते. मला मात्र हे कलम या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो. ते ब्रँडला विचारतं, तुम्ही दिलेली वस्तू इथेच, याच जागी, कुणाच्या उपयोगाची आहे का? लिंक काढून टाकल्यावर जे उरतं तेच तुम्ही खरं दिलेलं असतं. मेटचं चित्र या कसोटीला उतरतं, व्हीनसची त्वचा उतरते. ‘कोड टाका आणि दहा टक्के सूट मिळवा’ असलं काही उतरत नाही.

मोजायचं कसं, ही अडचण खरी आहे आणि ती झटकून टाकावी असं मी म्हणत नाही. आत काय घडतं ते ब्रँडला दिसत नाही. बाहेर दिसतात ती खेळाडूंनी आपणहून टाकलेली छायाचित्रं. ती मोजता येतात, वाचता येतात, त्यांत तुमच्या वस्तूचं लोकांनी काय केलं ते कळतं. हा आकडा लहान असेल, पण त्यातला प्रत्येक फोटो कुणीतरी न मागता दिलेला असतो.

गेम कुठे चुकला

गेमलाही सगळं जमलं नाही, आणि त्या चुका आपल्याला जास्त जवळच्या आहेत.

केसांचं घ्या. सुरुवातीला आरशात कृष्णवर्णीय खेळाडूंच्या केसांशी जुळणाऱ्या रचना फारच कमी होत्या. त्यांनी त्या मागितल्या, आणि नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये काही आल्या. निवडीची यादी दिली की यादीत काय नाही हेही आपण सांगत असतो. काहीच निवडता येत नाही तेव्हा माणूस फारसं मनावर घेत नाही. वीस पर्याय आहेत आणि त्यांत मी नाही, हे मात्र लागतं. आपल्या फॉर्ममधल्या व्यवसायाच्या, कुटुंबाच्या, भाषेच्या ड्रॉपडाऊन याद्या या नजरेने कुणी तपासतं का?

दुसरी चूक घराघरांत भांडणं लावणारी. एका स्विचवर एकच बेट. ज्याने पहिल्यांदा गेम सुरू केला तो बेटाचा प्रतिनिधी, आणि बेटाची वाटचाल त्याच्याच हातून पुढे सरकते. नंतर आलेला भाऊ, आई, जोडीदार यांना घर मिळतं, पण पूल कुठे व्हावा हे ते ठरवू शकत नाहीत. एक यंत्र म्हणजे एक माणूस, असं धरून चालणं ही आमचीही जुनी खोड. एका ईमेल पत्त्यामागे तिघं असतात, एका खात्यावर घरभराची खरेदी होते. आणि आपण पहिल्याने दिलेल्या उत्तरांवरून उरलेल्यांना ओळखल्याचा आव आणतो.

पर्सनलायझेशन म्हणजे हे नव्हे

आमच्या बोलण्यात पर्सनलायझेशन आणि कस्टमायझेशन हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. या प्रकरणात त्यांच्यातली दरी स्पष्ट दिसते. पर्सनलायझेशनमध्ये कंपनी तुमच्याबद्दल अंदाज बांधते आणि तुमच्या वतीने ठरवते. अंदाज बरोबर आला तर सोय होते. चुकला तर माणूस चिडतो, आणि फारच अचूक आला तर दचकतो. कस्टमायझेशनमध्ये ठरवणारा तो स्वतः असतो. चूक झाली तरी ती त्याची आणि दुरुस्तीही त्याचीच. वाईट निवडलेल्या वॉलपेपरबद्दल कुणी गेमला दोष देत नाही.

अंदाजाचं काम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शेकडो वस्तूंतून योग्य चार पुढे आणायला तेच लागतं. पण नातं त्यातून तयार होत नाही, आणि आपण बजेट जवळपास सगळं त्यावरच ओततो.

मी ईमेल मार्केटिंगचं काम करते. या प्रकरणाचा अभ्यास करत होते तेव्हा आम्ही एका कंपनीच्या वार्तापत्राचा नोंदणी फॉर्म सांभाळत होतो. त्यात अकरा रकाने होते. जन्मतारीख घेतली जायची आणि त्या तारखेला काहीच व्हायचं नाही. शहर घेतलं जायचं आणि सगळ्यांना एकच मजकूर जायचा. आवडीचे विषय विचारले जायचे, पण निवडलेले विषय वाचकाला पुन्हा कुठे दिसत नसत, बदलता येणं तर दूरच. हे मी स्वतः दोन वर्षं चालू दिलं होतं.

गोलार्धाचा प्रश्न डोक्यात ठेवून आम्ही एकेक रकाना उचलून पाहिला: याचं उत्तर दिल्यावर वाचकाला पुढच्याच मिनिटाला काय वेगळं दिसेल? उत्तर नसेल तो रकाना काढला. विषयांचं पान आरशासारखं केलं, प्रत्येक पत्राच्या खाली त्याची वाट, हवं तेव्हा या आणि बदला. किती दिवसांनी पत्र यावं हे वाचकाने ठरवायचं, आणि ठरवल्याक्षणी पुढच्या पत्राची तारीख समोर दिसायची. आपल्या पानाला नाव द्यायची सोय केली तेव्हा बैठकीत बरीच खळखळ झाली, कारण त्याचा ‘उपयोग’ काय ते कागदावर दाखवता येत नव्हतं. लोकांनी नावं दिली. काहींनी तर पुढे मदत मागताना पत्रात तेच नाव वापरलं.

जन्मतारखेचा रकाना आम्ही काढला तो अजून परत आणलेला नाही. त्या दिवशी वाचकाला काय द्यायचं, ते आमचं ठरलेलं नाही.